कोऱ्या कागदाचा पंच

खुशालरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आरोपीच्या वकिलाला असा पंच मिळणं म्हणजे वाढलेलं ताट समोर येणं. मूर्तिजापूर रोडवरच्या एका गावात, ठाण्यासमोर, त्यांचं झेरॉक्सचं दुकान. वीस वर्षांत सत्तरएक पंचनाम्यांवर त्यांची सही होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. पोलीस काही जप्त करतात तेव्हा दोन त्रयस्थ माणसांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि मग सही करावी, असा कायदा आहे. त्या गावात शिपाई रस्त्यापलीकडून हाक मारायचा, "ओ काका, या बरं दोन मिंट," आणि हे शर्टाला हात पुसत जायचे.

माझ्या अशिलावर खुनाचा आरोप होता. त्याच्या घरातून चाकू निघाला, असं पंचनामा सांगत होता.

"चाकू निघाला तेव्हा तुम्ही तिथे होता?" मी विचारलं.

"नाही जी. मले ठाण्यात बलावलं. सही कर म्हने, केली."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"काईच नाही. कोरा व्हता."

मी खाली बसले. बाकीचा पुरावा आधीच लंगडा होता, चाकू गेल्यावर काही उरलंच नाही. अशील सुटला. संशयाचा फायदा आरोपीला, हे वाक्य आम्ही पोपटासारखं पाठ केलेलं असतं. निकालाच्या दिवशी खुशालराव तालुक्याच्या कामाला म्हणून कोर्टाकडे आले होते. मेलेल्या पोराची आई, गोदाबाई, तिनं त्यांची बाही धरली.

"काहून केलं रे बाप्पा असं?"

"मी त खरं तेच सांगतलं, बाई."

"माह्या पोराचं नाव तरी मालूम हाय का तुले?"

"मी कागद वाचत नाही, बाई. सही करतो," खुशालराव म्हणाले. त्यांच्या सांगण्यात असा काही रुबाब होता की मी हसले. गोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तरी मी हसणं आवरलं नाही.

तीन वर्षांनी तेच खुशालराव अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या ऑफिसात आले. चपला बाहेर काढून आले. त्यांची मुलगी प्रणाली अचलपूरकडच्या एका गावात दिली होती, ती शेतात मेलेली सापडली होती. गळा आवळलेला. नवरा, गोपाल, अटकेत होता आणि खटला उभा राहिला होता.

"सरकारी वकिलासंगं तुमी बसा, म्याडम. तुमचे प्रश्न मी पायले हायेत."

"मी तर आरोपी सोडवते, काका."

"म्हणून त आलो."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. जावयानं पोलिसांपुढे सगळं कबूल केलं होतं, याचा त्यांना मोठा आधार वाटत होता. मला तो मोडावा लागला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, दंडुक्यापुढे कोणीही काहीही कबूल करतो. तिच्यातलं एकच चालतं: आरोपीनं लपवलेली वस्तू पंचांसमोर काढून दिली असेल तर तेवढं. गोपालनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगाखालून बैलाचं दावं काढून दिलं होतं. दाव्यात प्रणालीचे केस अडकले होते आणि ते तिचेच, असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. खून होताना पाहणारं कोणी नव्हतं. ते दावं होतं आणि दोन पंच होते. त्यातला एक मधल्या काळात वारला होता. उरला डोमाजी, तिथल्या ठाण्याजवळ पंक्चर काढणारा.

खुशालरावांनी चष्मा लावला आणि पंचनामा वाचायला घेतला. सत्तर सह्यांनंतर पहिल्यांदा. वाचता वाचता त्यांचं बोट शेवटच्या ओळींवर थांबलं.

"म्याडम, हे पाहा. वरते कसं मोकळं मोकळं लिवलं हाय. खालते आलं की अक्षर बारीक. ओळीवर ओळ चढली."

"मग?"

"जागा पुरली नाही. सह्या पयलेच्या हायेत."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं, कारण असे कागद त्यांच्याच बोटांखालून गेले होते. दावं खरंच त्या ढिगाखालून निघालं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त कडक उन्हात ढिगाशी उभं राहून लिहिण्याचा एका हवालदाराला कंटाळा आला होता.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी अचलपूरच्या कोर्टात पोचले तर खुशालराव व्हरांड्यात डोमाजीपुढे हात जोडून उभे.

"भाऊ, तुमी निस्तं 'पायलं' म्हना. दावं त तेथूनच निंगालं न! खोटं थोडी हाय?"

"निंगालं असन. पण म्या नाही पायलं, भाऊ. शपथ घेऊन खोटं नाही बोलत मी."

मी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. "साक्षीदाराला शिकवताय? केस तर जाईलच, तुम्हीही आत जाल." माझा आवाज चढला होता. राग कोणाचा होता, सांगता येत नाही.

आरोपीचा वकील तरुण होता, पण हुशार. त्यानं विचारलेला प्रत्येक प्रश्न माझा होता. दावं निघालं तेव्हा तिथे होता का? नाही जी. सही कुठे केली? ठाण्यात. कागदावर काय होतं? खुशालराव माझ्या मागच्या बाकावर बसले होते. डोमाजीचं उत्तर यायच्या आधी ते त्यांच्या तोंडून पुटपुटत निघालेलं मी ऐकलं.

"कोरा व्हता."

सरकारी वकिलानं डोमाजीला फितूर ठरवून उलटतपासणी घेतली. त्यातून काही निघालं नाही, कारण माणूस खरं बोलत होता. तपास अधिकाऱ्याच्या एकट्या शब्दावरही न्यायाधीशांना दावं मानता आलं असतं, पण पंचनाम्यावरच्या वेळेला हे अधिकारी ठाण्याच्या डायरीप्रमाणे दुसरीकडेच होते. दोन महिन्यांनी गोपाल सुटला. पण प्रणालीची केस मेली ती डोमाजीच्या साक्षीच्या दुपारीच.

बाहेर डोमाजी आमची वाट पाहत थांबला होता. चांगला माणूस, त्याला चैन पडत नव्हतं.

"भाऊ, माफ करा. तुमी बी पंच राहता म्हने. तुमाले त समजते."

खुशालराव त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मारतात.

"माह्या पोरीचं नाव तरी वाचलं व्हतं का तुमी?"

"कोऱ्या कागदावर नाव कुठून असन, भाऊ?"

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. बस अमरावतीच्या स्टँडात शिरताना त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"म्याडम, त्या गोदाबाईच्या पोराचं नाव काय व्हतं?"

मी आठवू लागले. आरोपपत्राच्या पहिल्याच पानावर होतं ते. युक्तिवादात मी पन्नास वेळा घेतलं असेल.

"केस त तुमीच जितली व्हती न?" ते म्हणाले.

मला आठवलं नाही.