पडा रे, बार शे

छगन पाटलानं जेसीबी आणलं तेव्हा वना शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता. तो तसाच धावत आला आणि यंत्राच्या दातांपुढे काळ्या दगडाला पाठ लावून बसला. आम्ही शेजारी मागोमाग गेलोच.

आमची खदानवाडी रुळांपायी वसली. पाचोऱ्याकडच्या छोट्या गाडीला खडी हवी होती म्हणून इथला माळ फोडला. दुष्काळानं गाव सोडलेली माणसं दगड फोडायला आली, मग टेशन झालं, मग गाव. एकदा बार, म्हणजे सुरुंग, वेळेआधी उडाला आणि माणसं गेली. हाताला लागलं तेवढं पुरून वर हा दगड उभा केला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खदानवाल्यांची घरं तिथे नारळ फोडतात. आता मोठी गाडी येणार. नव्या टेशनच्या रस्त्याचं काम छगननं घेतलेलं आणि दगड नेमका मधे.

"वना, बाजू व्हय. मजूरस्ना एक दगडसाठे टेशन थांबाडशी का?"

"मना पंजा, मना आजाना बाप, आठे गाडेल शे. हाई गाव त्यास्नीच वसाडं."

"गाव आमना पंजानी वसाडं. आमी पाटील. खदानमा आमना कोनी हातोडा धरा नही."

"मंग तुना पंजा कोठून उना, ते सांग."

छगनचं घराणं कुठून आलं ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं फावड्याचा दांडा उचलला आणि वनाच्या तोंडावर हाणला. वना डोळा धरून कोसळला, बोटांतून रक्त गळायला लागलं. मग कोण थांबतं? आमच्यातल्या भटूनं छगनच्या पुतण्याला गोटा मारला, त्याचे दात मातीत पडले. छगननं बाहेरून आणलेल्या चौघांनी भटूचा हात पिरगाळून मोडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या बरगडीत लाथ बसली. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं, धुळीत कोण कोणाला मारतंय ते कळेना. तेवढ्यात छगननं कुऱ्हाड घेतली आणि वनाकडे निघाला.

वनाची आई, कमलबाई, काठी टेकत आली होती. मधे पडायचं बळ तिच्यात नव्हतं. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "पडा रे, बार शे!"

खदान बंद पडून जमाना झाला. पण आमच्या खदानवाल्यांच्या घरांत पोर चालायला लागलं की हे शिकवतात. बार उडणार असल्याची ही हाक आली की पालथं पडायचं, हात मानेवर घ्यायचे आणि तोंड उघडं ठेवायचं, नाहीतर कानाचे पडदे फुटतात. आम्ही सगळे पडलो. बाहेरचे चौघे आणि जेसीबीवाला बघत उभेच राहिले.

मी मान वळवली. कुऱ्हाड एकीकडे पडली होती आणि छगन पाटील पालथा होता. हात मानेवर, तोंड उघडं, तोंडात धूळ.

कमलबाई त्याच्यापाशी गेली. "छगन, तुले हाई कोनी शिकाडं?"

"आबानी," तो मातीतच म्हणाला. "लहानपने. मी खेळ समजनू."

त्यानं उठून जेसीबीवाल्याला हातानंच माघारी जायला सांगितलं.

दगड राहिला. रस्ता त्याला वळसा घालून गेला. वनाचा डोळा मात्र धुळ्याला नेऊन काढावा लागला. पोलिसांपुढे त्यानं छगनचं नाव घेतलं नाही. आपल्याच खदानीतला माणूस निघाला, म्हणाला. मला वनाच्या या बोलण्याचा संताप आला होता, आजही येतो.

यंदा आखाजीला छगन सगळ्यांच्या आधी दगडापाशी हजर, नवं धोतर नेसून.

"पहिला नारय मी फोडसू," तो म्हणाला. "आमी मूळना खदानवाला."

वनानं एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला नारळ पुढे केला.

"फोड रे बा," कमलबाई म्हणाली. "पन यंदा दगडवरच फोड."