उलट्या आट्यांचा नट

लिलावात घेतलेली जुनी लष्करी जीप दारात उभी राहिल्यापासून हंबीररावांची चालच बदलली होती. माणूस खताबियाण्याचं दुकान चालवणारा, पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीतून असा छाती काढून फिरायचा, की जणू आत्ताच सरहद्दीवरनं परत आलाय. गल्लीला त्याचं कौतुक होतं. त्यांच्या बायकोला, चिमणाबाईला, नव्हतं. या चालीचा तिला दिवसेंदिवस जास्तच वीट यायला लागला होता.

त्या सकाळी ती इरकल नेसून, पिशवीत बाळाची कुंची-अंगडं भरून उंबऱ्यावर बसली होती. मलकापूरला तिच्या धाकट्या भावाच्या, कृष्णातच्या, पोरीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि कृष्णातला बहीण ही एकच. पण त्याच्या पहिल्या पोराच्या वेळी हंबीररावांनी निघताना मोटारसायकल ‘जरा बघतो’ म्हणून खोलली होती, आणि चिमणाबाई पोचली तेव्हा पत्रावळ्या उचलणं चाललं होतं. नाव मावशीनं सांगून टाकलं होतं. ते तिला अजून सलत होतं. या वेळी कृष्णात मुद्दाम येऊन सांगून गेला होता, “आक्का, पोरीचं नाव तूच ठेवायचं. पर दुपार टळायच्या आत ये. म्हातारी माणसं थांबत न्हाईत.”

“येष्टीनं जाऊ या की,” असं ती आदल्या दिवशी म्हणाली, तर हंबीररावांना अपमान वाटला. दारात जीप असताना हंबीररावाची बायको एसटीत लोंबकळत जाणार? जीपचा ब्रेक लागत नव्हता, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती. मागच्याच आठवड्यात जीप रंकाळ्याच्या वळणावर पेरूच्या गाड्यात घुसली होती. ब्रेकचे लायनर बदलायला गौस मिस्त्रीनं दोन दिवस मागितले, तर हे त्याच्यावरच गुरगुरले, “दोन दिवस? माझं मी घरात अर्ध्या तासात करतो!”

आणि खरोखर, उजवीकडची दोन्ही चाकं झटक्यात निघाली. नवे लायनर बसले. हंबीररावांनी बायकोकडं असं बघितलं, की आता हिनं आरती ओवाळायला हरकत नाही. मग ते डावीकडं वळले, पुढच्या चाकाच्या सगळ्यात खालच्या नटाला पाना लावला, जोर केला, आणि नट जागचा हलेना.

पुरुष माणूस जमिनीवर बसून कण्हायला लागला, की गल्लीतले बाकीचे पुरुष आपोआप गोळा होतात. आधी शेजारचा सयाजी आला. हा कचेरीत कारकून, उभ्या जन्मात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही, पण सल्ल्याला कधी कमी नाही. “गंज धरलाय. रॉकेल सोडा,” तो म्हणाला. चिमणाबाईच्या स्टोव्हमधलं रॉकेल नटावर गेलं. मग हातोडा झाला. मग पान्याला पाइप चढवून दोघं लोंबकळले. नट हलेना. उंबऱ्यापर्यंत आलेलं ऊन आता तिच्या मांडीवर चढलं होतं.

तेवढ्यात तिला आठवलं. जीप घरी आली त्या दिवशी ती चहा घेऊन बाहेर आली होती, आणि गौस मिस्त्री हंबीररावांना सांगत होता, “ध्यानात ठेवा साहेब, ह्या गाडीच्या डाव्या अंगाचं आटे उलटं हायत. उजवीकडं सोडता तसं हितं सोडाया गेला, तर नट आणखी आवळतंय.” तेव्हा हंबीरराव म्हणाले होते, “मला शिकवतोस व्हय?”

ती उठून जवळ गेली. “अवो, ह्या अंगाचं नट उलटं फिरत्यात. गौसभाईंनी सांगितलंतं की.”

तोवर भोवती आणखी चारपाच जण जमले होते. सयाजी खुदकन हसला. “घ्या हंबीरराव! वहिनीच मिस्त्री निघाल्या.”

हंबीररावांचा चेहरा लालबुंद झाला. “आत जा. आणि आमटी बघ.”

नट उलटा फिरवून बघायला काय लागत होतं? मनगट तेवढं फिरवायचं. पण आता ते चारचौघांत बायकोनं सांगितलं होतं, म्हणजे जीव गेला तरी त्या बाजूला फिरवणं होणार नव्हतं. त्यांना गौसचं बोलणं आठवलंय, हे चिमणाबाईला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. तिला त्यांची किळस आली. चूक करणारा माणूस तिला चालला असता. हा कळून सवरून आवळत होता.

मग या गावात जे होतं ते झालं. काही अडलं की कोल्हापूर पैलवान बोलावतं. तालमीतून जोतीराम पैलवान आला, अंगाला लाल माती तशीच. त्यानं मांडीवर थाप मारली, नटाला बिचाऱ्याला ती ऐकू जाणार असल्यासारखी, आणि पाइपवर सगळं अंग टाकलं. कडाड आवाज झाला.

“निघाला! निघाला!” सगळे ओरडले. जोतीरामनं दोन्ही हात वर केले. नट निघाला होता खरा, पण पोटात बोल्टचा तुकडा घेऊन. बोल्ट मधोमध तुटला होता. त्याचंही कुणाला वाईट वाटेना. तुकडा या हातातून त्या हातात फिरला, त्याच्या जाडीची तारीफ झाली, आणि पुढच्या नटासाठी आणखी लांब पाइप आणायच्या आधी चहा घ्यावा, म्हणून सगळी फौज कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेली.

गल्ली रिकामी झाली. चिमणाबाईनं पाना उचलला. सगळ्यात वरच्या नटाला अजून कुणाचा हात लागला नव्हता. तिनं पाइप चढवला आणि गौस म्हणाला होता त्या बाजूनं अंगाचा भार टाकला. नट किर्र करून फिरला. मग नुसत्या बोटांनी फिरायला लागला.

हाक मारून दाखवावं, असं क्षणभर तिला वाटलं. मग वाटलं, कुणाला? तिनं नट होता तसा परत लावला, पाना जागेवर ठेवला, पिशवी घेतली आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

मलकापुरात ती पोचली तेव्हा मावशी पाळण्यावर वाकलेली होती. “थांबा! आक्का आली!” कृष्णात ओरडला. चिमणाबाईनं घामेजल्या तोंडानं पोरीच्या कानात ‘मंगल’ म्हणून सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. इतकं मोकळं तिला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

दिवस कलताना बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हंबीरराव छाती काढून आत आले. बायको न सांगता गेली, याबद्दल अवाक्षर नाही. खिशातून तुटका बोल्ट काढून त्यांनी सोप्यातल्या माणसांपुढं ठेवला.

“पैलवान हरला. सगळी गेल्यावर मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, उलटं फिरवून बघू. तर आटेच उलटे! आणि कृष्णात, वरचा नट तर नुसता हात लावला तसा सुटला. तसा हात असावा लागतोय!”

“आक्का, बघ दाजींची कमाल,” कृष्णात म्हणाला.

पाळण्याची दोरी धरलेला हात चिमणाबाईनं उताणा केला. तळव्यावर अजून काळं तेल होतं. “त्यो वरचा नट सकाळी मी सोडलता,” ती म्हणाली. “तुम्ही चहाला गेलता तवा. आणि परत लावून ठेवला.”



“मग तसं सांगायचं न्हाय व्हय?” हंबीरराव कसंबसं म्हणाले.

“सांगितलं की. चारचौघांत सांगितलं. म्हणून तर तुम्ही बोल्ट तोडला.”

हंबीररावांनी तुकडा उचलून खिशात टाकला. उद्या सकाळी लवकर निघू, असं ते भिंतीकडं बघत पुटपुटले.

“तुम्ही निघा,” चिमणाबाई दोरी ओढत म्हणाली. “मला येष्टी बरी.”