कलमाची कैरी

हवाबीने कुंडी आडवी पाडली आणि तिच्या कुशीवर खुरप्याची मूठ हाणली. मातीचा गोळा मुळांसकट अलगद बाहेर आला.

"धर नीट," ती लेकाला म्हणाली.

कमालने कलम धरलं, पण एकाच हाताने. दुसऱ्या तळव्यात त्याने कलमाला लागलेली एकुलती एक कैरी झेलून धरली होती. होती लिंबाएवढीच, पण चौक गावात बॅटऱ्यांचं दुकान चालवणारा हा धिप्पाड माणूस तिला अशी जपत होता की कोणालाही हसू यावं.

त्याच्या बायकोला, अनिसाला, मात्र हसू येत नव्हतं. हॉस्पिटलच्या खाटेवर सासू सहज बोलून गेली होती, की लोधिवलीत घर बांधलं, पण दारचा आंबा काही खाल्ला नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी कमालला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय, पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून त्याने मुद्दाम फळ धरलेलं कलम आणलं. आंबा पिकेपर्यंत ते कुंडीतच ठेवायचं, असा त्याचा बेत होता. पण कुंडीखालून बाहेर आलेली मुळं हवाबीने पाहिली आणि आज सकाळीच ती पदर खोचून अंगणात उतरली. तिच्यापुढे कोणाचं काय चालणार?

खड्डा तेवढा तिने आधीच कमालला खणू दिला होता. शेणखत स्वतः कालवलं, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं बघितलं, कडेची माती पायाने दाबली. मधूनच थांबून ती छातीवर हात ठेवायची आणि कोणी पुढे झालं की डोळे वटारायची. जिद्द असावी तर अशी.

शेवटी ती कैरीपाशी आली.

"हात काढ रं."

"राहू दे ना अम्मी. एकच हाय."

"तिलाच पोसत बसलं, तर मुळं कदी धरंल?"

हे कमालला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या कलमाचं फळ खुडायचं, हे इकडे कोणाला सांगावं लागत नाही. तरी त्याने हात काढला नाही. डोळे भरून आले होते आणि एका हातात खोड, दुसऱ्यात कैरी, पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

हवाबीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग त्याची बोटं हळूच बाजूला केली, देठ खुडला, चीक पदराला पुसला आणि कैरी अनिसाला दिली. कोलंबीच्या कालवणात टाक म्हणाली.

दुपारी कालवण झकास आंबट झालं होतं. कमाल नुसताच भात चिवडत होता. हवाबी मात्र कैरीची फोड चोखत सूचना देत होती. पुढच्या वर्षी मोहर येईल, तोही खुडायचा. त्याच्या पुढच्या वर्षीचाही. तीन वर्षं अजिबात हावरटपणा करायचा नाही.

सासू निरवानिरव करतेय, असं वाटून अनिसाने मान खाली घातली.

"आन् चौथ्या वर्षी?" कमालने कसंबसं विचारलं.

"चौथ्या वर्षी पयला आंबा माजा. आताच सांगून ठेवते. मंग भांडू नका."

आणि तिने भातासाठी ताट पुढे केलं.