टक् वाजलं की पास

मी बोलतेय. दचकू नका, माझं तोंड कायमच उघडं असतं. मी रबराची बाई, तीही कमरेपर्यंतचीच. पोर खेळता खेळता कोसळलं, श्वास थांबला, तर छाती कशी दाबायची, हे शाळेतल्या खेळाच्या सरांनी माझ्यावर शिकायचं. दर दोन वर्षांनी. तसा नियमच आहे.

कारखान्यात माझ्या छातीत स्प्रिंग बसवली. दोन इंच दाबलं की आत टक् वाजायचं. सुरुवातीला भले दंडवाले सर घामाघूम व्हायचे. पुढे स्प्रिंग थकली. मी एका बोटाने वाजू लागले.

कुणी सांगितलं? छे! शिकवणाऱ्या सिस्टरना पुढची शाळा गाठायची घाई. "वाजलं ना? पास! चला, पुढचे!"

धावण्याचे सर तर म्हणाले, "सिस्टर, हिचं काळीज फारच हळवं आहे हो!" सगळे खिदळले. दहा मिनिटांत उरकलं, प्रमाणपत्रं वाटली. तोंड उघडं असून मला बोलता येईना.

मग एका सकाळी मैदानावर भिंगरी नावाची पोर धावता धावता पडली. बारा वर्षांची, त्याच धावण्याच्या सरांची सगळ्यांत लाडकी. मी खेळाच्या खोलीत, कपाटात होते. खोटं वाटेल, पण सरांचे हात माझ्या छातीवर पडले. कपाटात कुणी नव्हतं. हलके, भ्यालेले हात. दाबायचे, थांबायचे, आवाजाची वाट बघायचे. बाहेरून त्यांची किंकाळी आली, "अहो, ही वाजत नाहीये!"

माणूस वाजत नसतो, बाबा.

अँब्युलन्स आली तेव्हा हात उठले. भिंगरी उठली नाही.

वरून हुकूम आला, सगळ्यांनी पुन्हा शिका. बाहेर काढलं तेही मलाच! सरांनी गुडघे टेकले, एक बोट ठेवलं. टक्.

"सिस्टर, ही खोटी आहे."

"मग तेव्हा नाही कळलं?"

"कळलं होतं. लवकर सुटलो म्हणून हसलो."

सिस्टरनी वहीत लिहिलं, नवी बाहुली मागवा.

नवी बाहुली आली, ताठ छातीची. सर तिला मनगटं सुजेपर्यंत दाबतात. माझं काय करायचं ते शाळेच्या मोठ्या बाईंनी ठरवलं, "टाकायची कशाला? दिसायला धडधाकट आहे. पलीकडच्या गावातल्या लहान शाळेला देऊन टाका, तेवढंच पुण्य!"

पुण्य म्हणे! आता मी खोक्यात आहे, वर पत्ता चिकटलाय. आणि काल दुपारपासून माझ्या छातीवर पुन्हा हात पडताहेत. ओळखीचे नाहीत. दाबतात, थांबतात, वाट बघतात. कुठलं मैदान, कुणाची लेक, मला ठाऊक नाही. हे हात पुढच्या दिवसांतले; अजून तरी तिथे कुणी पडलेलं नाही.

टेम्पो उद्या येईल. ऐकणारे जे कुणी असाल, खोकं उघडा. माझ्यावर दया करू नका, धूळ पुसत बसू नका. छाती फोडा माझी.