पन्नास फुगे आणि माझी शीळ

"हरणाऱ्यानं भर चौकात पन्नास फुगे फुगवायचे. तोंडानं!" श्रीधर म्हणाला.

"पंपाला हात लावायचा नाही हं," हुसेननं बजावलं.

"आणि मी जिंकलो तर हे तुझं खोकं भंगारात. कबूल?"

"कबूल!"

मित्रांनो, ते खोकं म्हणजे मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

मी एक जुना फ्लो बेंच, म्हणजे हवा मोजायचं यंत्र आहे. कसबा पेठेत हुसेनच्या वर्कशॉपमध्ये राहतो. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्यातल्या वाटेनं हवा आत जाते. ती वाट नीट घासली की गाडी जोरात पळते. पण वाट खरंच सुधारली की नुसतीच चकचकली, ते मी सांगतो. हेड माझ्या पाठीवर ठेवायचं, मोटर लावायची, की मी हवा ओढतो. हवा जितकी जास्त, तितकं माझ्या नळीतलं लाल पाणी वर.

माझा जन्म काही थाटाचा नाही. प्लायवूडची पेटी, जुन्या बाजारातल्या दोन व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी आणि पाण्यात हुसेनच्या बायकोचा, हमीदाचा, खायचा रंग. पण रेसवाली पोरं पार वारज्याहून, मांजरीहून यायची आणि माझा आकडा बघून नाचायची. हल्ली जो तो बॅटरीच्या गाड्यांचं बोलतो. माझ्या पाठीवर चहाचे कप ठेवतात. गरम!

समोरच्या गॅरेजवाल्या श्रीधरचं म्हणणं एकच. "भोक मोठं केलं की हवा जास्त. त्यात मोजायचं काय?" म्हणून ही पैज, कुणाच्या हेडातून जास्त हवा जाते याची. एकाच मॉडेलची दोन हेडं दोघांनी आपापल्या पद्धतीनं घासली. रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. पंच होत्या खानावळीच्या दुर्गाबाई.

हुसेनचं हेड ठेवलं. पाणी बारावर. श्रीधरचं ठेवलं. चौदा!

"काय हुसेनशेठ, भंगारवाल्याला हाक मारू?"

हुसेननं नुसता माझ्यावरून हात फिरवला. माझ्या मोटरी गळाठल्या! मला बोलता येत नाही हो. पण श्रीधरचं हेड ठेवल्यापासून पाठीवर कुठंतरी गुदगुल्या होत होत्या, आणि मी शीळ घालत होतो. सुईईई!

"थांबा रे!" दुर्गाबाई ओरडल्या. "वीस वर्षं कुकर लावतेय मी. कुठलं तरी झाकण बसलेलं नाहीये!"

त्यांनी कान लावला, हेडाच्या बाजूला एक भोक शोधलं आणि त्यावर अंगठा दाबला. शीळ बंद. पाणी सरकन अकरावर!

"अरे श्रीधर, स्पार्क प्लगच लावला नाहीस!" हुसेन हसायलाच लागला. "चोरवाटेनं हवा आत घेतोयस!"

"मला काय माहीत? मी कधी मोजलंय का?"

प्लग लावून पुन्हा मोजलं. अकराच, हुसेनच्या बारापेक्षा एक कमी. वाट इतकी रुंद केली होती की हवा वळणावरच गोंधळत होती.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र शीळ घालत असेल, कुरकुरत असेल, तर आधी त्याला कान द्या. भंगारवाल्याला काय, कधीही हाक मारता येते. आणि तेवढा चहा दुसरीकडे ठेवा.

मग मला पाहुण्यासारखं उचलून चौकात नेलं. श्रीधरचे गाल टम्म पुरीसारखे. दुर्गाबाई मोठ्यांदा मोजत होत्या. "अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास..."

फट्!

"फुटलेला धरायचा नाही!" सगळी गल्ली ओरडली.

श्रीधरनं धापा टाकत माझ्याकडे बघितलं. "हसतोस काय रे खोक्या? मोज आता माझी हवा!"

आणि त्यानं पन्नासावा फुगा पुन्हा तोंडाला लावला.