ड्रायव्हरच्या दारातली बटणं

“चिप गेली असंल,” नवनाथ म्हणाला आणि भोवतीच्या तिघांनी माना डोलावल्या. चिप म्हणजे काय, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

विजयश्री ओट्यावर बसून लसूण सोलत होती. अंगणात तिच्या दिराची, नवनाथची, पांढरी गाडी उभी होती. दसरा होऊन जेमतेम आठवडा झालेला, आणि ड्रायव्हरच्या दारातलं एकही बटण चालेना. काच खाली जाईना, दारं लॉक होईनात. एकानं बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, आणि तेवढ्यावरच कपाळाचा घाम पुसला. शेजारचा सयाजी कशालाही हात न लावता नुसते सल्ले देत होता. असे उंटावरून शेळ्या हाकणारे या गावाला कधी कमी पडले नाहीत. भोसरीहून बोलावलेल्या बाळू मिस्त्रीनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, “अख्खं दार खोलावं लागंल. मोटर, वायरिंग, समदं नवं.”

विजयश्रीला हसू आलं, पण त्याहून जास्त चीड आली. नऊ वर्षं तिनं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांचं वायरिंग बांधलं होतं. सात महिने झाले की ठेकेदार कामात ब्रेक देई, मग नवं कार्ड, पुन्हा नवी भरती. नऊ वर्षं काम करून बाई नवीच! मागच्या महिन्यात लाइनच बंद झाली आणि ठेकेदारानं तेही कार्ड काढून घेतलं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. विकलेल्या जमिनीच्या पैशातून नवनाथ रस्त्यालगत गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचा गाळा काढणार होता. तिनं एकदा सरळ विचारलं, “भाऊजी, मला बसू द्या गाळ्यात. वायरिंगचं समदं मी बघते.”

“वहिनी, बाईमाणूस दिसलं तर गिऱ्हाईक दारातनंच माघारी जाईल,” तो हसत म्हणाला. “तुमी आपला चहा धाडा.”

तिचा नवरा बन्सी शेजारीच बसलेला. तो टीव्ही बघत राहिला. दिराच्या हसण्यापेक्षा तिला ते जास्त लागलं.

आता तिनं लसूण बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि अंगणात उतरली. “सरका.”

का कोण जाणे, चौघंही सरकले. तिनं मागच्या दाराचं बटण दाबलं. काच सरकन खाली गेली. दुसऱ्या दाराचीही गेली.

“फ्यूज बरा हाय, मोटरी बऱ्या हायेत,” ती बाळूला म्हणाली. “ह्या एकाच दारावरनं काय चालंना. मग अख्खं दार कशाला खोलता? स्क्रूड्रायव्हर द्या.”

ड्रायव्हरच्या दारातली बटणांची पट्टी तिनं उचकटून वर काढली. आंबूस वास आला. आत कुंकवाचा चिकट गोळा झाला होता, आणि खालच्या, वायरी जोडायच्या कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. असे हजारो कपलर तिच्या बोटांखालून गेले होते. डोळे मिटूनही ओळखले असते.

“खंडेनवमीला नारळाचं पाणी कुठं वतलं?”

सगळे आभाळाकडे बघू लागले.

“पूजाच होती,” नवनाथ पुटपुटला. “गाडीला पाणी दावाया नको व्हय?”

“दावायचं हुतं, पाजायचं न्हवतं.”

सासूच्या, गवराबाईंच्या, इंजेक्शनचं स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन तिनं पट्टी आणि पिना घासल्या, उन्हात वाळवल्या आणि कपलर खटकन बसवला. चारी काचा खाली गेल्या. दारं एका दमात लॉक झाली.

“मी तेच म्हनत हुतो,” बाळू म्हणाला. सयाजीनं देवाचे आभार मानले. तिचे कुणीच मानले नाहीत. आता तरी गाळ्यात बसू देतील, अशी तिनं मात्र मनात आशा धरली, आणि त्याबद्दल तिला पुढं स्वतःचीच लाज वाटली.

दिवाळीच्या पाडव्याला गाळा उघडला. खुर्चीवर बाळू. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा गडी, पण होता गडी. तेवढी पात्रता पुरली. विजयश्रीला बोलावणं आलं ते हत्यारांना हळदीकुंकू लावायला. तिनं ते लावलं, पेढा न घेताच घरी आली आणि मोरीत जाऊन रडली.

चौथ्या दिवशी ती भाकरी थापत असताना नवनाथ मागच्या दारातून धापा टाकत आत आला. गाळ्यात कुणा साहेबाची गाडी होती. काच अर्ध्यात अडकली होती आणि साहेब तासभर खोळंबला होता. नवनाथनं मोबाईल तिच्यापुढं धरला.

“वहिनी, फोटू काढलाय. वायर कुठली, तेवढं सांगा. मी जाऊन बाळूला सांगतो.”

तिनं पीठ लागलेल्या हातांनीच वाकून पाहिलं. दार आणि गाडी यांच्यामधली रबरी नळी, त्यातला वायरींचा झुबका, आणि त्यात वाकून वाकून तुटलेली काळी वायर. तांब्याची तार बाहेर आलेली. पाच मिनिटांचं काम होतं.

“मी येते गाडीपाशी.”

नवनाथ घुटमळला. “आत्ता नगं. साहेब हाय तिथं. नुसतं सांगा ना.”

तिनं पुन्हा एकदा फोटोकडं पाहिलं. काळी वायर तिला लख्ख दिसत होती.

“न्हाई दिसत, भाऊजी,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.