छत्र मी धरतो

मित्रांनो, मी एक जुना विद्युतचुंबक आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. अंगावर थोडा गंज आहे, तांब्याची तार एका कडेला काळवंडली आहे, पण वीज मिळाली की पकड अजून तीच! बढाई वाटते? वाटू दे. माझ्यासारखं हात न लावता काही धरून दाखवा, मग बोला.

मूळचा मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरातल्या एका मालवाहू सायकलीचा जाड लोखंडी बोल्ट. पुढच्या पेटीत पोरं बसवून कुणीकुणी ती सायकल वर्षानुवर्षं दामटली. ती भंगारात निघाली तेव्हा चारुतानं मला मागून घेतलं. चारुता म्हणजे मला घडवणारी. पुण्यात ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर होती. नवऱ्याला, रुचिरला, इथे चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून लहानग्या हिमानीला घेऊन तीही आली. मग घर, लेकीची शाळा, डच भाषेचा क्लास यांतच तिची वर्षं गेली. मराठी मंडळात तिला सगळे 'रुचिरची मिसेस' म्हणत. ती हसून घेई, पण ते तिला टोचे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं मला ड्रिलच्या तोंडात पकडलं आणि हळूहळू फिरवत माझ्याभोवती तार गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटून, चिमटीत तार ताणून. बोटं सोलवटली तरी सोडलं नाही.

"हे जमलं ना, तर पुन्हा नोकरीसाठी अर्ज करीन," ती मला म्हणाली. "नाही जमलं तर समजेन, हातातलं कसब गेलं."

मी मनाशी म्हटलं, बाई गं, काळजी सोड, आता मी आहे ना!

काम सांगतो. मंडळाच्या गणपतीत मखराच्या माथ्यावर मी लपून बसायचं आणि बाप्पाच्या डोक्यावर चंदेरी कागदाचं छत्र अधांतरी धरायचं. छत्राच्या टोकाला लोखंडी गोळी होती. माझ्या खाली एका बाजूला बारीक दिवा आणि समोर त्याचा उजेड बघणारा डोळा. हा उजेड माणसांना दिसत नाही. छत्र खाली घसरलं की डोळ्याला जास्त उजेड दिसे, मग मी जोर लावायचा. छत्र वर आलं की उजेड अडे, मग मी सैल सोडायचं. ओढ, सोड, ओढ, सोड, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा! बघणाऱ्याला मात्र वाटे, छत्र कसं निवांत उभं आहे.

घरी पहिल्यांदा ते तरंगलं तेव्हा हिमानी ओरडली, "काइक, ममा!" काइक म्हणजे बघ. पोरीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून डच येतं. चारुता बघत होतीच. तिचे डोळे भरून आले होते.

मंडळातल्या प्रमोदिनीकाकू सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांच्या होकाराशिवाय मखराला टाचणीसुद्धा टोचली जात नसे. त्या म्हणाल्या, "अगं, एक बारीकसा दोरा बांधून ठेव की. कुणाला दिसतोय?"

"काकू, दोरा बांधला तर ते टांगलेलंच झालं," चारुता म्हणाली. "मग यात मी काय केलं?"

स्थापनेच्या आदल्या दिवशी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये तालीम झाली. तिथला धुराचा अलार्म भारी तापट, उदबत्तीनंही बोंबलतो. म्हणून तबकात बॅटरीचे दिवे ठेवून आरती म्हटली. छत्र जागचं हललं नाही. मी असा फुगलो म्हणून सांगू!

स्थापनेच्या सकाळी हॉलच्या व्यवस्थापकानं एका खऱ्या निरांजनाला परवानगी दिली. पेणहून आणलेली शाडूची मूर्ती अजून खोक्यातच होती. तिच्या जागी छत्राखाली नारळ ठेवला होता. काकूंनी तुपाची वात लावली. म्हणाल्या, "एकदा खऱ्यानं ओवाळून बघू."

ज्योत उजवीकडून वर आली आणि मला एकदम वाटलं, छत्र पडतंय! मी सगळा जोर लावला. छत्र टक्कन येऊन मला चिकटलं. ज्योत पुढे सरकली, तसं डोळ्याला काहीच दिसेना, मी पकड सोडली आणि छत्र धाडकन नारळावर.

मित्रांनो, खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली.

"नारळ होता म्हणून निभावलं," काकू म्हणाल्या. "मूर्तीवर पडलं असतं तर? स्थापनेलाच खंडित मूर्ती! काढ ते, चारुता."

त्यांचं काय चुकलं? लोक यायची वेळ होत आली होती. रुचिर स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढला. "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी बघू."

"हात लावू नकोस," चारुता म्हणाली. असा आवाज मी तिचा ऐकलाच नव्हता.

तिनं छत्र परत माझ्याखाली लावलं. बॅटरीचा दिवा फिरवला, मी ढिम्म. निरांजन फिरवलं, मी दचकलो. पुन्हा फिरवलं, पुन्हा दचकलो. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मीही काय शहाणी! खोट्या दिव्यावर तालीम केली. खऱ्या ज्योतीतूनही तोच न दिसणारा उजेड निघतो की! डोळा दिपतोय बिचारा."

मग तिनं उदबत्तीचं खोकं रिकामं केलं, त्याच्या पुठ्ठ्याची अरुंद नळी वळली, काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि डोळ्यावर बसवली. आता त्याला समोरचंच दिसणार, आजूबाजूचं नाही. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात, तसं.

ती नारळ ठेवायला गेली तर काकूंनी हात धरला. "नारळ आपण फोडायलाच आणतो. त्याची कसली परीक्षा?"

चारुता आत गेली आणि नैवेद्याच्या पानातला भाजलेला पापड घेऊन आली. वाटीवर ठेवून छत्राच्या बरोब्बर खाली मांडला. "याला तडा गेला तर मी स्वतः सगळं उतरवते."

काकूंनी निरांजन हातात घेतलं. त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. अख्खी आरती म्हटली, आणि शेवटी ज्योत मुद्दाम माझ्या नाकापर्यंत आणली. मी छत्र धरलं. ओढ, सोड, ओढ, सोड. पापड अभंग!

काकूंनी निरांजन खाली ठेवलं, पापड उचलला, स्वतःच्या हातानं मोडला आणि अर्धा चारुताच्या तोंडाशी धरला. "आणा मूर्ती," त्या म्हणाल्या.

दारातून लोक येऊ लागले. कुणीतरी विचारलं, हे कुणी केलं? रुचिर तोंड उघडणार, तेवढ्यात काकूच बोलल्या, "आमच्या चारुतानं."

विसर्जनानंतरच्या सोमवारी तिनं अर्ज केला. आता ती कामावर जाते, आणि मी वर्षभर सायकलींच्या शेडमध्ये श्रीखंडाच्या डब्यात पडून असतो. ओल लागते, गंज चढतो, कुणी विचारत नाही. राग येतो कधीकधी, का येऊ नये? पण भाद्रपद आला की तीच येते, डबा उघडते.

म्हणून मित्रांनो, दोन गोष्टी सांगतो. काम झालं की आमच्यासारख्यांना कोरड्या फडक्यानं पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवत जा. आणि ज्या ज्योतीपुढे उभं राहायचं आहे, तालीम तिच्याचपुढे करा. मग खाली पापड असो नाहीतर बाप्पा, आपण पडू देत नाही.